पुढचा भाग शनिवारी

माझं इंग्रजी ऐकून इथली माणसं अजूनही विचारतात, "तुम्ही लंडनला होता का?" लंडनला मी फक्त विमान बदललंय, आणि तेवढ्या वेळातही पासपोर्ट खिशात आहे ना, म्हणून सारखा छाती चाचपत बसलो होतो. माझं इंग्रजी काकांचं आहे आणि काकांचं इंग्रजी एका टीव्ही मालिकेचं. 'कूपन' म्हणजे काय हे मला अमेरिकेत येऊन फार उशिरा कळलं. पण 'हा ग्रह ताबडतोब रिकामा करा' हे वाक्य मी पहिल्याच हिवाळ्यात अस्खलित म्हणत होतो.

काका नात्याने माझे कोणी नव्हेत. शिकागोजवळ नेपरव्हिलला त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचो. ताईने अमेरिकेतून माझ्यासाठी अर्ज केला तेव्हा मी इस्लामपूरला शाळेच्या खाकी चड्डीत होतो. व्हिसा हातात पडेपर्यंत शाळा नववीतच सुटून, गॅरेजमध्ये पंक्चरं काढता काढता डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले होते. इथे येऊन मी जरा कुठे टेकतो न टेकतो, तोच भाऊजींची बदली ओहायोत डब्लिनला झाली. मला नुकतंच हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागलं होतं. चादरी मशिनमध्ये टाकायच्या, काढायच्या, घड्या घालायच्या. कोणाशी बोलावं लागत नव्हतं. असं काम सोडायचा मला धीर होईना. शेवटी ताईने महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीने मला काकांच्या दारात उभं केलं आणि डोळे पुसत गाडीत बसली.

काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं. उंच, वाळलेला माणूस, घरातसुद्धा टाय. मूळचे अमरावतीचे. इंजिनिअर होऊन तरुणपणी इंग्लंडला कॉव्हेंट्रीत गेलेले, तिथून शिकागोला आलेले आणि आता रिटायर झालेले.

"शनिवारी संध्याकाळी तू काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"आता करशील."

आतून काकूंचा आवाज आला, "सामान अजून गाडीतून उतरवलं नसशील तर पळ रे बाबा!"

बेसमेंटची एक अख्खी भिंत व्हिडिओ कॅसेटींनी भरलेली होती, बरोबर माझ्या पलंगाच्या उशाशी. काकू म्हणायच्या, "जागा खरं तर कॅसेटींना दिलीय. तुला सोबतीला ठेवलंय." मालिका ब्रिटिश, विज्ञानकथेची, साठच्या दशकात सुरू होऊन पुढे पंचवीसेक वर्षं चाललेली. तिचा नायक काळातून मागेपुढे हिंडायचा. नट थकला किंवा कंटाळला की नायक तोच, पण नव्या चेहऱ्याने उठून उभा राहायचा आणि मालिका पुढे चालू. काका त्या नटांची नावं घेत नसत. पहिला, दुसरा, तिसरा, असं पेशवाईसारखं बोलायचे. "चौथ्याच्या काळात राज्य वाढलं, बाप्पा. सहाव्याने घालवलं. सातवा बरा होता, पण तोवर खजिना रिकामा." खजिना रिकामाच असणार, कारण मला तरी प्रत्येक ग्रह ही एकच दगडाची खाण वाटायची. तसं एकदा बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "रंगभूमीवर महाल कसा असतो? एक खुर्ची आणि एक पडदा. मग? बघणाऱ्यानेही थोडं काम करायचं असतं."

एकेक गोष्ट चार किंवा सहा भागांची. प्रत्येक भाग नायकाचा नाहीतर त्याच्या सोबतिणीचा जीव टांगणीला लावून संपायचा. भिंत सरकतेय, पाणी चढतंय, रबरी हात खांद्यावर पडलाय, आणि संगीत! काकांनी व्हीसीआर बंद केलेला असायचा. आता पुढच्या शनिवारी. कॅसेट तिथेच, पुढचा भाग त्याच कॅसेटवर, पण आठवड्याला एक म्हणजे एक. पाहुणे असोत, हिमवादळ असो, ताप असो. शिकागोच्या एका चॅनलवर पूर्वी ही मालिका लागायची तेव्हा ते लोक चारही भाग जोडून एकच सलग सिनेमा करायचे आणि मधले जीवघेणे क्षण कापून टाकायचे. काकांनी त्यांना पत्रावर पत्रं लिहिली होती. "वरण वाढलं," ते सांगायचे, "आणि फोडणी मोरीत ओतली." मग त्यांनी इंग्लंडच्या मित्राकडून सुटे भाग मागवले. तिकडच्या कॅसेटी इकडच्या व्हीसीआरवर चालत नाहीत म्हणून दोन्ही चालवणारं खास मशीनही घेतलं. काकूंचं म्हणणं, तेव्हापासून त्यांच्या घरी दोन सवती झाल्या.

या नियमाचं मूळ कॉव्हेंट्रीत होतं. काका तिथे एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचे. घरभर गारठा, शेगडी फक्त बाईंच्या दिवाणखान्यात, आणि तिथे भाडेकरूला प्रवेश नाही. पण शनिवारी संध्याकाळी ही मालिका लागली की बाई दार किलकिलं करून म्हणायच्या, "यायचं तर या, बोलायचं नाही." एकट्याने बघायला भीती वाटायची त्यांना. भाग संपला की पुन्हा आपली गार खोली. "मग सोमवारी फॅक्टरीत फोरमन ओरडला तरी काही वाटत नसे," काका सांगत. "शनिवारी तो खड्ड्यातून वर येतो की नाही, हे बघायला तरी जगलंच पाहिजे ना?"

मी मुळातच घाबरट. चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी असली की सगळ्या गाड्या जाईपर्यंत मी थांबायचो. फोन वाजला तर वाजू द्यायचो. त्यात हे टांगणीचं दुखणं. आठवडाभर चादरींच्या घड्या घालताना मनात एकच, त्या पोरीचं काय झालं असेल? काकू माझ्यावर दया करायच्या. शनिवारी विणकाम घेऊन बसायच्या आणि ऐन क्षणी सुई न थांबवता म्हणायच्या, "काही मरत बिरत नाही ती. आणखी दोन वर्षं आहे मालिकेत."

काका ताडकन उठायचे. "हे घर आहे की वर्तमानपत्र?"

"पोराचा चेहरा बघा. रात्री झोपणार नाही तो."

"नको झोपू दे! भीती म्हणजे काय? पुढचा भाग माहीत नसणं. तो कोणालाच माहीत नाही. सवय होऊ दे त्याला."

काकांचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग मात्र टीव्हीशिवाय झाला. साठच्या दशकातले बरेचसे भाग आज अस्तित्वातच नाहीत. मालिका काढणाऱ्या कंपनीने टेप पुन्हा वापरायच्या म्हणून पुसून टाकले. त्यातले काही काकांनी त्या बाईंच्या दिवाणखान्यात प्रत्यक्ष पाहिले होते, आणि या गोष्टीचा त्यांना स्वातंत्र्यसैनिकासारखा अभिमान होता. एका वर्षी शॉमबर्गला मंडळाच्या गणेशोत्सवात 'माझे इंग्लंडमधले दिवस' या विषयावर त्यांना बोलायला बोलावलं. काका उभे राहिले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि अगदी कीर्तनकाराच्या थाटात एक पुसला गेलेला भाग सांगायला लागले. दीपगृह, दाट धुकं, समुद्रातून वर येणारा फेस, आणि जिन्यावर अडकलेली मुलगी. सगळे आवाज स्वतःच काढले. बायका पेढ्यांची ताटं धरून जिथल्या तिथे उभ्या. फेस दाराखालून आत आला, मुलीने मागे वळून पाहिलं... आणि काका नमस्कार करून खाली बसले.

मग पहिल्या रांगेतला एक मुलगा रडक्या आवाजात म्हणाला, "बट व्हॉट हॅपन्ड टु हर?"

"पुढच्या वर्षी," काका म्हणाले.

अध्यक्षांनी हात जोडले. "काका, आरती खोळंबलीय, एका वाक्यात सांगून टाका ना."

"एका वाक्यात सांगायला ती काय हवामानाची बातमी आहे?"

लोक रागावले, हसले. पुढच्या वर्षी मात्र हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.

मग ती मालिका इंग्लंडात नव्याने सुरू झाल्याची बातमी आली. इकडे दाखवायला अजून कोणी घेतली नव्हती. काकूंच्या नात्यातला, शिकागोत एमएस करणारा एक पुण्याचा पोरगा उत्साहाने डिस्क घेऊन आला. "काका, अख्खा सीझन डाउनलोड केलाय! नववा डॉमिनेट करतो यार. आणि शेवटी काय होतं माहितीये..."

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठमोठ्याने रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. पोरगा घाबरून गप्प झाला. जाताना मला हळूच विचारलं, "आर यू ओके हिअर?" मी म्हटलं, मजेत आहे. खरंच होतो.

त्याच सुमाराला माझ्या आयुष्यात परीक्षा आली. लाँड्रीतली सुपरवायझर म्हणाली, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात शिकाऊ जागा निघणार आहे, तुझे हात नीटनेटके आहेत, पण शाळा पूर्ण पाहिजे. म्हणजे बारावीच्या बरोबरीची ती सरकारी परीक्षा. गणित, विज्ञान वगैरेला पर्याय दिलेले असतात. पण एक निबंध आपला आपण लिहायचा, आणि त्यात पडलो तर भाषेचा सगळाच पेपर गेला. मी नववीतून उठलेला माणूस. लाँड्रीत आणखी किती वर्षं काढता येतील, याचाच विचार मी जास्त करत होतो. मशिनं नवीन येणार आणि माणसं कमी होणार, असं सगळे बोलत होते. काम गेलं तर मला डब्लिनला ताईच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं.

काकांना सांगितलं तर ते नुसते उजळले. "निबंध ना? तो मी शिकवतो."

त्यांची शिकवणी अशी. शनिवारचा भाग संपला की आठवड्याभरात मी इंग्रजीत लिहून आणायचं, पुढे काय होईल. सुरुवातीला मी लिहायचो, 'तो वाचतो. सगळे घरी जातात.' काका कागद परत द्यायचे. "हे काय लिहिलंस राजा? ही तर तुझी काकू झाली! वाचणाऱ्याचा हात छातीवर गेला पाहिजे." हळूहळू मला जमायला लागलं. माझी वाक्यं लांबली, माझ्या भिंती सरकायला लागल्या, पाणी गळ्यापर्यंत यायला लागलं. काका समासात लाल पेनाने लिहायचे, 'व्हेरी नास्टी, वेल डन.' शाळेत मला कोणी वेल डन म्हटलं नव्हतं. तो कागद घेऊन मी खाली जायचो आणि कपडे बदलायचंही विसरायचो.

परीक्षेत विषय आला, ज्या दिवसाने तुम्हाला काही शिकवलं, अशा एका दिवसाबद्दल लिहा. मला पहिला हिवाळा आठवला. बर्फावरून माझी जुनी गाडी घसरून रेल्वेच्या रुळांवर आडवी बंद पडली होती. मी लिहीत सुटलो. काचेवर साठलेलं बर्फ, चावी फिरवली की नुसतं खरखरणारं इंजिन, खाली येणारं फाटक, घंटा, लाल दिवे, सीटच्या पट्ट्यात अडकलेलं कोटाचं बटण. आणि शेवटचं वाक्य, 'मग मला आगगाडीचा दिवा दिसला.' पेन खाली ठेवलं. वेळ भरपूर शिल्लक होता. मी हाताची घडी घालून समाधानाने बसून राहिलो.

नापास झालो. बाकी सगळे विषय सुटले, निबंध पडला.

परीक्षेच्या तयारीचा आमचा संध्याकाळचा वर्ग घेणाऱ्या बाईंना मी काय लिहिलं ते सांगितलं. त्या शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होत्या. मग थांबल्या. "अँड?"

"अँड काही नाही. तिथे संपतं."

"पण तू शिकलास काय? आणि, हनी, तू मेलास की जगलास?"

घरी येऊन काकांना सांगितलं. आधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण बाप्पा, कोटाचं बटण झकास!" मग काकूंनी सुई खाली ठेवली. काकूंनी सुई खाली ठेवलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"झकास?" त्या म्हणाल्या. "पोराची नोकरी टांगलीत तुम्ही. आता सोडवा."

त्या रात्री काका जेवलेही थोडंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर टाय सैल करून ते बेसमेंटच्या पायरीवर बसले होते, शेजारी कॅसेटींचा ढीग. वार होता मंगळवार.

"बस," ते म्हणाले. "आजपासून फक्त शेवट."

"म्हणजे?"

"प्रत्येक गोष्टीचा शेवटचा भाग. रोज."

मी पाहिलेल्या गोष्टींचे शेवट लवकरच संपले. मग त्यांनी मी न पाहिलेल्या गोष्टी काढल्या. पहिली कॅसेट मशिनमध्ये ढकलताना त्यांनी डोळे मिटले होते, नको ते औषध घेताना मिटतात तसे. कोण कोणाचा शत्रू, किल्ला कशासाठी जळतोय, तो हिरवा माणूस का रडतोय, मला काही कळायचं नाही. रोज कोणीतरी वाचायचं, कोणीतरी निरोप घ्यायचं, आणि मी विचारायचो, "काका, पण सुरुवात काय होती?" काकू खुशीत होत्या. "आता कसं, निवांत झोप लागते की नाही?"

शेवट बघता बघता काकांच्या एक लक्षात आलं आणि ते फार खिन्न झाले. "अरे, यांचे शेवट वाईट आहेत," ते एकदा म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या ध्यानात नाही आलं. चार आठवडे जीव खातात आणि शेवटी कोणीतरी एक खटका दाबतो, की सगळं फुटतं. तू खटका दाबू नकोस राजा. तुला रुळांवरून कोणी काढलं?"

"मागच्या ट्रकमधल्या माणसाने ढकललं. त्याचं नाव पण विचारलं नाही मी. थँक यू म्हणायचंही राहिलं."

"मग शिकलास काय?"

"की लोक ढकलतात."

काकांनी लाल पेन उघडलं, पण कागद नव्हताच. "हे लिही," म्हणाले.

दुसऱ्या वेळी विषय निराळा आला, तुमच्या मते चांगला शेजारी कसा असतो. मी त्यात तो ट्रकवाला घातला, फाटक घातलं, आणि गाडी सुखरूप पलीकडे नेऊन, तो हात हलवून निघून गेल्यावर, एक परिच्छेद आणखी लिहिला. घंटा झाली तेव्हा पेन माझ्या हातात होतं.

निकाल मिळायला वेळ लागणार होता. काकांनी पुन्हा शनिवारचा नियम सुरू केला आणि घरात जाहीर केलं, "निकालाबद्दल कोणी तर्क करायचे नाहीत. जेव्हा कळायचा तेव्हा कळेल. भागाआधी भाग नाही." माझ्याकडे बघून जरा कडक आवाजात म्हणाले, "सवय पाहिजे." मी हो म्हटलं. रात्रभर कॅसेटींची नावं वाचत पडायचो.

शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच परीक्षेच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंना नाव सांगितलं, ओळखपत्र दाखवलं. त्यांनी नाव पाहिलं आणि मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हाक मारली, "हा बघ, तो आलाय!"

मी ओळखपत्र पुन्हा पुढे केलं.

"तुझे काका," त्या हसू दाबत म्हणाल्या, "रोज सकाळी आम्ही दार उघडायच्या आत फोन करतात. आम्ही सांगतो, सर, आम्ही फक्त त्यालाच सांगू शकतो. तर म्हणतात, मॅडम, निकाल नका सांगू, नुसतं एवढंच सांगा की मी काळजी करावी का. ते ब्रिटिश आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "अमरावतीचे."

पास झालो होतो. त्या बाईंनी काउंटरवरून हात पुढे करून माझा हात हलवला आणि मी त्यांना 'गुड आफ्टरनून, मॅडम' म्हणालो. सकाळचे दहा वाजले असतील.

घरी आलो तेव्हा काका दिवाणखान्यात पेपर वाचत होते, टाय चोख. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी पेपरातून मान न काढता हात वर केला.

"सांगू नकोस. शनिवारी."

"काका, पण आज बुधवार..."

"नियम म्हणजे नियम."

मी त्यांच्या हातातल्या पेपराकडे बघत उभा राहिलो. पान काही उलटत नव्हतं. फोनचं काही बोललो नाही. बरं म्हणून बेसमेंटच्या जिन्याकडे वळलो. दोन पायऱ्या उतरलो असेन.

"ऐक रे," मागून आवाज आला. "तुझी काकू विचारतेय, शिरा करायचा का आज?"

"मी काहीही विचारत नाहीये!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या.

मी वर वळून बघितलं. काकांनी पेपर मांडीवर ठेवला होता.

"करायला सांगा," मी म्हटलं.

काका उठले. टाय सरळ केला. "तू मला काही सांगितलेलं नाहीस, लक्षात ठेव," म्हणाले, आणि आत जाता जाता त्यांचा आवाज ऐकू आला, "अगं, तूप जरा सढळ हाताने घाल."